खिशात मावणारा चांगला कॅमेरा : वाद कुठवर आला आहे?

२०१० साली जगातल्या कॅमेरा कंपन्यांनी १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले, असे जपानमधल्या ‘सिपा’ या उत्पादक-संघटनेची आकडेवारी सांगते. त्यांतले बहुसंख्य भिंग न बदलता येणारे, म्हणजे कॉम्पॅक्ट प्रकारचे होते. २०२४ मध्ये सगळ्या प्रकारांचे मिळून ८५ लाखांच्या आसपास कॅमेरे निघाले आणि त्यांत कॉम्पॅक्ट २० लाखांच्याही आत होते. मोबाइलने हा बाजार गिळला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढची आहे : या पडझडीत तगून राहिला तो महागडा भाग. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या फुजीफिल्मच्या एक्स१०० व्हीआयची किंमत अमेरिकेत १,५९९ डॉलर होती आणि भारतात ती दीड लाखाच्या पुढे गेली. तरीही मागणी इतकी होती की गिऱ्हाइकांना महिनोन् महिने थांबावे लागले. रिकोच्या जीआर मालिकेचीही अशीच टंचाई अनेकदा झाली आहे. खिशात उत्तम मोबाइल असताना लोक एवढे पैसे एका छोट्या कॅमेऱ्यासाठी का मोजतात, आणि मोजायचेच असतील तर कोणत्या कॅमेऱ्यासाठी, हा प्रश्न आता प्रवासाला निघणाऱ्या आणि रोजचे जगणे टिपू पाहणाऱ्या कितीतरी जणांपुढे आहे.

या वादातले लोक एकमेकांची उत्तरे खोडून काढतात. पण प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. एकाला अंधारातला फोटो हवा असतो, दुसऱ्याला लांबचा, तिसऱ्याला गळ्यात ओझे नको असते. मोठा सेन्सर, लांब पल्ल्याचा झूम आणि खिशात मावणारा आकार या तीन गोष्टी प्रकाशशास्त्राच्या नियमांमुळे एका कॅमेऱ्यात नांदत नाहीत. दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. बाजारातला प्रत्येक चांगला कॉम्पॅक्ट म्हणजे यांतले काय सोडायचे याविषयी निर्मात्याने घेतलेला एक निर्णय आहे. म्हणून कॅमेरे एकमेकांशेजारी ठेवून तोलण्याआधी आपण कोणत्या उजेडात आणि किती अंतरावरून फोटो काढतो हे तपासावे, असे माझे मत आहे. ते कितपत टिकते, हे बाजू एकेक करून पाहिल्यावरच ठरेल.

फिल्मच्या काळातला वारसा

छोट्या कॅमेऱ्यातून मोठ्या दर्जाचे चित्र मिळू शकते हा विचार १९२५ साली लायपझिगच्या वसंत मेळ्यात लोकांसमोर आला. ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म स्थिरचित्रणासाठी वापरून घडवलेला लायका तिथे मांडला गेला. पुढे १९६६ चा रोलाय ३५, योशिहिसा मैतानी यांनी रचलेला १९७९ चा ऑलिंपस एक्सए, १९९० च्या सुमाराचा टायटॅनियमच्या आवरणातला काँटॅक्स टी-२ आणि १९९६ चा रिको जीआर-१ अशी एक सलग परंपरा दिसते. या सर्वांत एक समान गोष्ट होती आणि आजचा सारा वाद समजण्यासाठी ती महत्त्वाची आहे. मुठीत मावणारा ऑलिंपस आणि वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराचा वजनदार निकॉन एकाच फिल्मवर चित्र उमटवत, २४ × ३६ मिमीच्या चौकटीत. प्रकाश झेलणारा पृष्ठभाग सारखाच असल्यामुळे कॅमेरा छोटा झाला म्हणून चित्र खालच्या प्रतीचे होत नसे. फरक पडे तो भिंगामुळे आणि हातामुळे. दाइदो मोरियामा यांच्यासारख्या छायाचित्रकाराने रिकोच्या छोट्या कॅमेऱ्यांवर रस्त्यावरचे काम उभे केले, त्यामागे हे तांत्रिक सत्य होते.

डिजिटल युगाने ही समता मोडली. सुरुवातीच्या आणि मधल्या काळातल्या सर्वसाधारण कॉम्पॅक्टमधला सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिमीचा, म्हणजे २८ चौरस मिलिमीटरचा असे. फिल्मच्या चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर होते. तीसपट आक्रसलेल्या या पृष्ठभागावर दुपारच्या उन्हात चित्र ठीक येई. संध्याकाळी घरात मात्र त्यात रंगीत खरखर भरे. मोबाइलने मारला तो कॅमेरा हाच, कारण मोबाइलचा सेन्सरही साधारण त्याच मापाचा होता आणि मोबाइल आधीपासून खिशात होता. निर्मात्यांना छोटे शरीर राखून सेन्सर वाढवणे भाग पडले. २००८ च्या सिग्मा डीपी-१ ने त्याची सुरुवात केली, पण तो कमालीचा संथ होता. खरी वाट २०११ ते २०१३ या काळात फुटली : फुजीफिल्मचा एक्स१००, सोनीचा आरएक्स१०० आणि एपीएस-सी सेन्सरचा रिको जीआर. सोनीने २०१२ मध्येच आरएक्स१ या नावाने पूर्ण ३५ मिमी चौकटीचा छोटा कॅमेराही आणला आणि लायकाने २०१५ पासून क्यू मालिका त्याच वाटेवर चालवली. पण त्यांच्या किमती सर्वसामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर आहेत, म्हणून त्यांचा विचार इथे थांबवतो.

प्रकाशाचा हिशेब

सेन्सरच्या मापांवर बरीच भांडणे होतात, त्यामुळे आकडे समोर ठेवलेले बरे. आरएक्स१०० आणि कॅननच्या जी७ एक्स मालिकेत ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिमीचा आहे. क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटर. जीआर आणि एक्स१०० मधला एपीएस-सी सेन्सर साधारण ३६७ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे तिपटीहून थोडा मोठा. एवढ्यावरून एपीएस-सी तिप्पट चांगला असे अनुमान काढले जाते, आणि ते अपुरे आहे. चित्राला मिळणारा एकूण प्रकाश सेन्सरच्या क्षेत्रफळाइतकाच भिंगाच्या अ‍ॅपर्चरवर, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या छिद्रावर अवलंबून असतो; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे. जीआर-३ चे भिंग एफ २.८ चे आहे. जी७ एक्स मार्क ३ चे भिंग सर्वांत रुंद कोनाला एफ १.८ पर्यंत उघडते. एफ १.८ मधून एफ २.८ च्या २.४ पट प्रकाश येतो. म्हणजे त्या एका टोकाला तिपटीचा फरक सव्वापटीहून जरासा जास्त एवढाच राहतो, आणि इतका फरक डोळ्याला सहज जाणवत नाही. उलट आरएक्स१०० च्या सातव्या आवृत्तीचे २४ ते २०० मिमीचे भिंग रुंद टोकालाही एफ २.८ चेच आहे. तिथे तिपटीचा फरक पुरेपूर उरतो. एक्स१०० व्हीआयचे भिंग एफ २ चे असल्यामुळे त्याला जीआर-३ च्या दुप्पट प्रकाश मिळतो. (या लेखातली फोकल लेंथची सर्व मापे ३५ मिमी फिल्मच्या हिशेबातली आहेत.)

याचा अर्थ, ‘सेन्सर मोठा घ्या’ हा सल्ला सुटा देता येत नाही. भिंगासकट तो पाहावा लागतो. मोठा सेन्सर झाकायला मोठे प्रकाशवर्तुळ लागते, आणि त्यावर झूमही हवा असेल तर भिंग लांब, जाड आणि मंद होते. कॅननने २०१७ मध्ये जी१ एक्स मार्क ३ या कॅमेऱ्यात एपीएस-सी सेन्सरला २४ ते ७२ मिमीचा झूम जोडून पाहिला. आकार आटोक्यात राहावा म्हणून अ‍ॅपर्चर एफ २.८ ते ५.६ असे ठेवावे लागले. लांब टोकाला मोठ्या सेन्सरने जे कमावले ते मंद भिंगाने जवळजवळ सगळे खर्च केले. त्या कॅमेऱ्याची मालिका पुढे वाढली नाही. पॅनासोनिकने एलएक्स१०० मध्ये मधला मार्ग घेतला : एक इंची आणि एपीएस-सी यांच्या मधल्या मापाच्या फोर थर्ड्स सेन्सरचा काही भाग, २४ ते ७५ मिमी, एफ १.७ ते २.८. कागदावर ही सर्वांत समतोल मांडणी आहे आणि प्रकाशाच्या हिशेबात रुंद टोकाला ती जीआर-३ लाही मागे टाकते. पण तो कॅमेरा खिशात बसत नाही आणि त्याची दुसरी आवृत्ती २०१८ ची आहे. लायकाने २०२४ मध्ये डी-लक्स ८ या नावाने आणलेला कॅमेराही मुळात त्याच घडणीचा आहे.

एकाच भिंगावर समाधान मानणाऱ्यांची बाजू

या बाजूचे प्रतिनिधी म्हणजे जीआर आणि एक्स१००. जीआर-३ चे वजन बॅटरी आणि कार्डासह २५७ ग्रॅम आहे, जाडी ३३ मिमीच्या आसपास. शर्टाच्या खिशात तो खरोखर राहतो. २८ मिमीचा रुंद कोन नको असेल त्यांच्यासाठी २०२१ पासून ४० मिमीचा जीआर-३ एक्स आहे आणि २०२५ मध्ये जीआर-४ आला. एक्स१०० व्हीआय ३५ मिमीचा, ५२१ ग्रॅमचा; तो गळ्यात किंवा पिशवीत राहतो. या बाजूच्या समर्थकांचे म्हणणे असे की, भिंग एकच असले की चौकट कशी पडेल हे डोळ्याला आधीच कळू लागते, माणूस झूमच्या बटणाऐवजी पाय वापरतो आणि फोटोत विषयाशी जवळीक येते. जीआरमधल्या ‘स्नॅप फोकस’ सोयीने ठरावीक अंतरावर फोकस बांधून ठेवता येतो, त्यामुळे बटण दाबल्याक्षणी चित्र मिळते. दिंडीच्या आत चालणाऱ्याला, बाजारपेठेतून जाणाऱ्याला किंवा घरात मुलांचे फोटो काढणाऱ्याला ही बाजू पटते, कारण त्यांचे विषय हाताच्या अंतरापासून पाच-सहा पावलांपर्यंत असतात.

आक्षेप उघड आहे : पाय सगळीकडे पोहोचत नाहीत. दिवेघाटाच्या उतारावर उभे राहून वळणांवरून सरकणारी पालखी टिपायची असेल, किंवा दरीपलीकडचा बुरूज जवळ आणायचा असेल, तर पुढे चालत जाऊन काही साधत नाही. यावर एक्स१०० चे समर्थक म्हणतात की ४० मेगापिक्सेलच्या चित्रातला मधला भाग कापून घ्यावा. हे उत्तर पळवाट म्हणून झटकले जाते, पण हिशेब केला तर ते अपेक्षेपेक्षा बळकट निघते. ३५ मिमीचे चित्र ७० मिमीपर्यंत कापले तर १० मेगापिक्सेल उरतात. ए-४ आकाराच्या उत्तम छपाईला पावणेनऊ लागतात. कापलेल्या भागाचे क्षेत्रफळ सुमारे ९२ चौरस मिलिमीटर, म्हणजे एक इंची सेन्सरपेक्षा कमी. पण भिंग एफ २ चे असल्यामुळे, ७० मिमीला एफ २.८ असलेल्या एक इंची झूमच्या तुलनेत त्या भागाला अजूनही दीडपट प्रकाश मिळतो. जीआर-३ चे चित्र ५० मिमीपर्यंत कापले तर उरलेला भाग जवळपास तंतोतंत एक इंची सेन्सरएवढा असतो. साडेसात मेगापिक्सेल आणि एफ २.८. ७० मिमीच्या आसपासपर्यंत कापण्याचे उत्तर टिकते. १०० मिमीला मात्र एक्स१०० कडे पाचच मेगापिक्सेल उरतात, आणि २०० मिमीचे तर नावच नको. म्हणून वाद ‘झूम हवा की नको’ असा घालण्यापेक्षा ७० मिमीच्या पलीकडचे फोटो आपण किती काढतो, यावर घातला तर त्याला काही निश्चित उत्तर मिळते.

झूमची बाजू

प्रवासात एकच कॅमेरा न्यायचा, पुन्हा त्या जागी जाणे होणार नाही, आणि समोर काय येईल हे आधी माहीत नाही. या परिस्थितीत झूमसारखी दुसरी सोय नाही, हे त्या बाजूचे मूळ म्हणणे आहे आणि ते न्याय्य आहे. आरएक्स१०० ची सातवी आवृत्ती ३०२ ग्रॅमची आहे. २४ मिमीला देवळाचा सभामंडप आणि २०० मिमीला त्याच्या शिखरावरची मूर्ती, दोन्ही एकाच यंत्रातून येतात. ती सेकंदाला २० चित्रे घेत फोकस सांभाळू शकते; रिंगणात धावणाऱ्या अश्वासाठी एकभिंगी कॅमेऱ्यांपैकी कुणीही तिच्याजवळ जात नाही. जी७ एक्स मार्क ३ चा झूम २४ ते १०० मिमीचाच, पण भिंग उजळ आहे आणि बाहेरचा माइक जोडता येतो, त्यामुळे बोलून चित्रफिती करणाऱ्यांत तो लोकप्रिय झाला. दिवसाउजेडी, मोकळ्यावर काढलेल्या फोटोंत या कॅमेऱ्यांचे आणि एपीएस-सीचे निकाल छापून शेजारी ठेवले तर फरक ओळखणे कठीण जाते. हिंडण्याफिरण्यातले बहुतेक फोटो भर उजेडातच काढले जातात, हे लक्षात घेतले तर झूमवाल्यांची बाजू वाटते त्याहून भक्कम आहे.

ती कमकुवत होते दोन ठिकाणी. दिवस मावळल्यावर २०० मिमीला एफ ४.५ अशा भिंगाला पुरेसा प्रकाश मिळत नाही, हे एक. दुसरे, ही शाखा निर्मात्यांनीच वाऱ्यावर सोडल्यासारखी दिसते. वरचे दोन्ही कॅमेरे २०१९ चे आहेत. २०२५ मध्ये जीआर-४, सोनीचा ६१ मेगापिक्सेलचा आरएक्स१आर-३, फुजीफिल्मचा ‘मीडियम फॉरमॅट’ सेन्सरचा जीएफएक्स१०० आरएफ असे नवे कॅमेरे आले. ते सगळे एकभिंगी. एक इंची झूमच्या वाट्याला त्या वर्षाअखेरपर्यंत तशी नवी रचना आली नाही. आरएक्स१०० ची सातवी आवृत्ती आजही जुन्या मायक्रो-यूएसबी जोडणीवर चालते, आणि युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून कॅमेऱ्यांसह अनेक उपकरणांना यूएसबी-सी सक्तीचे केले आहे. इतक्या जुन्या घडणीसाठी आज पूर्ण किंमत मोजावी का, हा रास्त प्रश्न आहे. भिंगाच्या गुणवत्तेपुरते उत्तर ‘हो’ असे देता येते; बाकी सोयींसाठी तसे म्हणवत नाही.

मोबाइल पुरेसा आहे असे म्हणणारे

ही बाजू दहा वर्षांपूर्वी दुर्लक्षिता आली असती, आज येत नाही. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने मोबाइल एका दाबात अनेक अंधूक चित्रे घेतो, ती एकमेकांवर बसवतो आणि त्यांच्या बेरजेतून स्वच्छ चित्र काढतो. लहान सेन्सरची प्रकाशाची तूट वेळ जोडून भरून काढण्याचा हा मार्ग आहे. शिवाय सेन्सरही लहान राहिलेले नाहीत. भारतात २०२४ मध्ये विकायला आलेल्या विवो एक्स१०० प्रो आणि शाओमी १४ अल्ट्रा या मोबाइलांचा मुख्य सेन्सर एक इंचीच होता, आणि भिंग आरएक्स१०० च्या सातव्या आवृत्तीपेक्षा कितीतरी उजळ. रुंद कोनाच्या फोटोपुरता एक इंची कॉम्पॅक्टचा मोबाइलवरचा वरचष्मा त्यामुळे संपला, असे मी म्हणेन. झूम कॉम्पॅक्टची खरी जागा आता ५० ते २०० मिमीच्या पट्ट्यात आहे. तिथे मोबाइलची दूरची भिंगे बरीच लहान सेन्सरवर काम करतात.

मग मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचे काय उरते? सर्वसाधारण समज असा की अंधारात मोबाइल हरतो. हे अर्धेच खरे आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि भिंती मंद उजेडात असतात. तरीही तिथल्या चित्रांचे फोटो चांगला मोबाइल व्यवस्थित काढतो, कारण भिंत हलत नाही आणि अनेक चित्रांची बेरीज बिनचूक जुळते. तोच मोबाइल विसर्जनाच्या रात्री ढोल वाजवणाऱ्या हातांपुढे अडखळतो. हललेला भाग जुळत नसल्यामुळे तिथे बेरीज सोडून द्यावी लागते, आणि एकाच चित्रातला अपुरा प्रकाश उघडा पडतो. मग यंत्र तो भाग गुळगुळीत करून टाकते. कॅमेऱ्यातल्या सेन्सर-स्थिरीकरणाची मर्यादाही इथेच आहे : ते हाताचा कंप शोषते, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. अंधारात हलणारा विषय टिपायला क्षणात जास्त प्रकाश आत घ्यावाच लागतो, आणि तो मोठ्या सेन्सरपुढच्या उजळ भिंगातूनच येतो. मुलांचे घरातले खेळ, लग्नातली वरात, नाटकाआधीची रंगपटातली धावपळ असे फोटो ज्याला हवेत, त्याच्यासाठी दीड लाखाचा प्रश्न गंभीर आहे. ज्याचे फोटो बहुतांशी उजेडातल्या डोंगरांचे आणि थाळीतल्या जेवणाचे आहेत, त्याने मोबाइलवर थांबावे. त्याचे काही बिघडत नाही.

आणखी एक आक्षेप पैशाच्या अंगाने येतो. तेवढ्याच किंवा कमी पैशांत भिंग बदलता येणारा छोटा कॅमेरा मिळत असेल तर कॉम्पॅक्ट का घ्यावा? फुजीफिल्मचा २०२४ चा एक्स-एम५ ३५५ ग्रॅमचा आहे. त्यावर ८४ ग्रॅमचे, सुमारे ४१ मिमीचे चपटे भिंग लावले तर एकूण वजन एक्स१०० व्हीआयपेक्षा कमी भरते, आणि पुढे पक्ष्यांसाठी लांब भिंग घेण्याची वाट मोकळी राहते. भिगवणच्या पाणथळीतले रोहित पक्षी टिपायचे तर दुसरा इलाज नाहीच. तिथे कुठलाच खिशातला कॅमेरा कामाचा नाही. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. पण त्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर नाही, सेन्सर-स्थिरीकरण नाही, फ्लॅश नाही, आणि भिंग पुढे आल्यामुळे तो जीआरसारखा खिशात सरकत नाही. दुसरे भिंग कधीच घेणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी बदलत्या भिंगाची सोय निव्वळ कागदावर राहते.

हाताळणी आणि हवामान

चाचण्यांत सेन्सरला पानेच्या पाने मिळतात आणि वापरात ज्याने फोटो हुकतो त्या गोष्टींना चार ओळी. एप्रिलच्या दुपारी किल्ल्याच्या माचीवर पडद्यावर काही दिसत नाही. तिथे व्ह्यूफाइंडर असलेला एक्स१०० किंवा आरएक्स१०० कामाला येतो, जीआर आणि जी७ एक्समध्ये तो नाही. त्याच उन्हात टोपीखालचा चेहरा काळा पडतो. एक्स१०० व्हीआयमधली भिंगातच बसवलेली पानशटर व्यवस्था अतिवेगातही छोट्या फ्लॅशशी जुळते, आणि हा गुण तक्त्यांत फारसा दिसत नाही. जीआर-२ मध्ये असलेला फ्लॅश रिकोने जीआर-३ मध्ये जागेसाठी काढून टाकला. बॅटरीचेही तसेच : सिपाच्या पद्धतीने मोजले तर जीआर-३ ची २०० चित्रांत संपते, एक्स१०० व्हीआय प्रकाशीय व्ह्यूफाइंडरवर ४५० पर्यंत जाते. जीआर घेणाऱ्याने दुसरी बॅटरी किमतीतच धरावी.

आपल्याकडच्या वाचकाला पाऊस सोडून हा विचार करता येत नाही. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर हिंडणाऱ्यासाठी वरच्या परिच्छेदातल्या चारांपैकी एकही कॅमेरा जसाच्या तसा पावसाला तयार नाही. एक्स१०० व्हीआय अ‍ॅडाप्टरचे कडे आणि फिल्टर लावल्यावर तुषार सहन करतो. जीआर, आरएक्स१०० आणि जी७ एक्स यांना तेवढेही संरक्षण नाही. आत-बाहेर सरकणारे भिंग दर वेळी हवा आत ओढते आणि तिच्याबरोबर धूळ. भिंग काढता येत नसल्यामुळे सेन्सरवर बसलेला कण घरी पुसता येत नाही, कॅमेरा उघडणाऱ्या कारागिराकडेच जावे लागते. जीआर वापरणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे. कोकणच्या किनाऱ्यावरची वाळू झूमच्या यंत्रणेत शिरली तर भिंग अर्ध्यावर अडकते. दमट कपाटात महिनोन् महिने पडलेल्या भिंगावर बुरशी चढते, आणि हवाबंद डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. परदेशातल्या नातेवाइकाकडून कॅमेरा मागवण्याची पद्धत मराठी घरांत रुजलेली आहे. त्या कॅमेऱ्याची हमी भारतात चालते की नाही हे आधी विचारून घ्यावे, कारण अनेक कंपन्यांची हमी विक्रीच्या प्रदेशापुरती असते.

जे अजून ठरलेले नाही

निवड कशी करावी याचा पुरावा बहुतेकांच्या मोबाइलमध्येच पडून असतो. प्रत्येक फोटोबरोबर फोकल लेंथ, आयएसओ आणि शटरचा वेग नोंदलेला असतो. गेल्या वर्षभरातले स्वतःला आवडलेले शे-दोनशे फोटो उघडून पाहिले तर लांबचे किती, अंधारातले किती आणि हलत्या विषयाचे किती, हे कळते. यावर एक खरा आक्षेप आहे : मोबाइलला जे जमत नाही ते फोटो माणूस काढतच नाही, मग नोंदीत ते दिसणार कसे? म्हणून हुकलेले, हललेले, झूम ताणून फाटलेले फोटोही मोजावेत. पुसून टाकलेल्यांचा हिशेब लागत नाही, ही या पद्धतीची उणीव आहे आणि ती पूर्ण भरून निघत नाही.

काही प्रश्न मात्र घेणाऱ्याच्या हातात नाहीत. चित्रांची बेरीज करण्याची मोबाइलची विद्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात आली तर अंधाराचा प्रश्न बराच बदलेल. पण मोठा सेन्सर वाचायला जास्त वेळ लागतो, आणि कॅमेऱ्यातले गणनयंत्र मोबाइलच्या तोडीचे करायचे तर ऊर्जा व उष्णता वाढते, तीही २०० चित्रांत संपणाऱ्या बॅटरीवर. निर्माते ही दिशा घेतील की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही. गणनेमुळे फोटोच्या खरेपणाचाही प्रश्न आला आहे. मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या मोबाइलने काढलेल्या चंद्राच्या चित्रांत भिंगाला न दिसलेले बारकावे भरले जातात, असा आरोप झाला. कंपनीने चंद्र ओळखून तपशील वाढवणारी प्रक्रिया वापरत असल्याचे स्पष्ट केले. कॉम्पॅक्टच्या समर्थकांना यात आपल्या बाजूचा मोठा मुद्दा दिसतो. दुसरीकडे एक्स१०० ची लोकप्रियता ज्या रंगांवर उभी आहे, तेही कॅमेऱ्यानेच जुन्या फिल्मच्या धर्तीवर चढवलेले असतात. रंग बदलणे आणि तपशील घालणे यांत मी फरक करतो, कारण रंग छपाईतही नेहमी बदलत आले आहेत. पण ही रेषा नेमकी कुठे आखायची, यावर दोन्ही बाजूंना प्रामाणिक मते आहेत.

टिकाऊपणाचा प्रश्न याहून साधा आणि तितकाच मोकळा आहे. फिल्मचे कितीतरी कॉम्पॅक्ट तीस-चाळीस वर्षांनी आजही चालतात. डिजिटल कॉम्पॅक्टमध्ये भिंग, सेन्सर आणि यंत्रणा एका कवचात बंद असतात, बॅटरी त्या-त्या कंपनीची असते, आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील हे कंपनीच्या मर्जीवर असते. २०१२ चा पहिला आरएक्स१०० बाळगणारे लोक आज दुरुस्तीसाठी जुने कॅमेरे सुट्या भागांकरिता विकत घेताना दिसतात. दीड लाखाचा कॅमेरा पाच वर्षांचा धरायचा की पंधरा वर्षांचा, यावर त्याची खरी किंमत ठरते, आणि दुरुस्तीची हमी वर्षांत लिहून मिळेपर्यंत तो आकडा घेणाऱ्याने आपल्या अंदाजानेच धरायचा आहे.